पट्टा का तुटला?

दोस्तांनो, काही महिन्यांपूर्वी आमच्या टेबलावर एक अजब पार्सल येऊन पडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं आणि रॉकेलसारखा वास येणारं. सोडून बघतो तर आत काळं, वेटोळं केलेलं, मेलेल्या सापासारखं काहीतरी! आमच्या कचेरीतला शिपाई दोन पावलं मागेच सरकला. पण तो साप नव्हता. तो होता पिठाच्या गिरणीचा तुटलेला पट्टा. सोबत चिठ्ठी होती.

पत्र आलं होतं धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीहून. हो, तेच ढोकी, तेरणा साखर कारखान्यामुळे ज्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. आठवीतल्या एका वाचकमित्राने लिहिलं होतं,

"काका, आमची गिरणी आहे. दिवाळीपासून दर पंधरा-वीस दिवसांनी पट्टा तुटतोय. पप्पा म्हणतात, आजकाल पट्टेच हलके यायलेत. पट्टा तुटला की दळण बंद आणि लोक डबे उचलून दुसऱ्या गिरणीत जातात. पट्टा सरकायला लागला की मी चालू गिरणीतच त्याच्यावर राळेची पूड टाकतो, मग जरा धरतो. मी मोबाइलवर बर्फावर पळणारी स्कूटर बघितली. त्या माणसाचा पण पट्टा तुटला होता, तो डोंगरावर बर्फात बसून बदलत होता. तो पट्टा आणि आमचा पट्टा एकच का? आणि पट्टा का तुटतो?"

पत्र वाचून मला आनंद झाला आणि मधलं एक वाक्य वाचून अंगावर काटाही आला. कोणतं वाक्य ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्याच्याविषयी शेवटी बोलूच. ते विसरायचं नाही, बरं का!

पट्टा ओढतो कशाच्या जोरावर?

आधी एक प्रयोग करा. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली घ्या, तिच्या गळ्याला सुतळी बांधा. सुतळी टॉवेलच्या आडव्या दांडीवरून टाका आणि दुसरं टोक करंगळीने धरा. जड लागते ना? आता सुतळीला दांडीभोवती आणखी एक पूर्ण वेढा द्या आणि पुन्हा धरा. करंगळीला काही जाणवतच नाही! बाटली तेवढीच, सुतळी तीच. वाढला तो फक्त वेढा. नावाडी एवढी मोठी नाव खुंटाला दोन-तीन वेढे देऊन एकट्याने धरून ठेवतो, ते याच युक्तीने. हा सगळा घर्षणाचा खेळ आहे.

गिरणीतही असंच. मोटारीची पुली पट्ट्याला ओढते आणि पट्टा गिरणीच्या पुलीला फिरवतो. मध्ये दाते नाहीत, साखळी नाही. नुसतं घर्षण. पुली लहान असली की पट्टा तिला थोड्याच भागात वेढतो, म्हणून पट्टा घसरतो तो बहुतेक वेळा लहान पुलीवर.

पूर्वी गिरण्यांना चामड्याचे किंवा कॅनव्हासचे रुंद, सपाट पट्टे असायचे. आजही काही गावांत दिसतील. आता बहुतेक ठिकाणी व्ही-पट्टा असतो. तो खाली अरुंद, वर रुंद. आता एक प्रश्न. हा पट्टा पुलीच्या खाचेत कुठे टेकतो? खाचेच्या तळाला? चूक! तो तळाला टेकतच नाही. तो खाचेच्या दोन्ही भिंतींमध्ये पाचरीसारखा अडकून बसतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकली की कुऱ्हाड कशी घट्ट बसते, तसा. या पाचरीमुळे व्ही-पट्ट्याची पकड सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट होते. पण पट्टा झिजून अरुंद झाला, किंवा पुलीची खाच झिजून रुंद झाली, की पट्टा तळाला जाऊन बसतो. मग पाचरही गेली आणि पकडही गेली!

मेलेला पट्टा बोलतो

ढोकीपासून जवळच तेर आहे. संत गोरोबाकाकांचं गाव. गोरोबाकाका थापटण्याने मडकं थोपटून कच्चं की पक्कं ते ओळखायचे. संतांच्या मेळ्यात त्यांनी असं थोपटून नामदेवांनाच कच्चं ठरवलं, ही गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल. यंत्राचा जाणकारही तसाच असतो. तो वस्तू हातात घेऊन तिला बोलतं करतो. तुटलेला पट्टा फेकून देऊ नका. तो कशाने मेला, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. काय काय लिहिलेलं असतं बघा :

१. दोन्ही बाजू काचेसारख्या गुळगुळीत, चकचकीत झालेल्या : पट्टा ढिला होता. घसरत राहिला आणि घासून तापला.

२. एकाच ठिकाणी जळून खड्डा पडलेला, बाकी पट्टा चांगला : पट्टा जागच्या जागी थांबला होता आणि पुली मात्र त्याच्यावर गरगर फिरत होती. गिरणीत दाणे तुंबून दगड अडकले की असं होतं.

३. एकाच कडेचे धागे निघालेले : दोन्ही पुल्या एका रेषेत नाहीत.

४. आतल्या बाजूला आडव्या भेगा : म्हातारपण, किंवा फार उष्णता, किंवा फार लहान पुलीवर सारखं वाकणं.

५. फुगलेला, चिकट, मऊ : तेल, ग्रीस किंवा डिझेल लागलं.

६. वरून धड दिसणारा, पण अचानक काडकन तुटलेला : बसवताना पहार किंवा स्क्रूड्रायव्हर घालून जबरदस्तीने चढवला. व्ही-पट्ट्याची खरी ताकद त्याच्या पोटातल्या दोऱ्यांत असते, रबरात नव्हे. जबरदस्तीत त्या दोऱ्या आत तुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही.

आता ढोकीचा पट्टा. मी तो उन्हात धरून बघितला. डावी कड पार उसवलेली, उजवी जवळजवळ नवी. म्हणजे तिसरं कारण! पट्टा हलका नव्हता. रबर चांगलं होतं, भेगा नव्हत्या. मी उलट टपाली चार प्रश्न पाठवले. गिरणीला पट्टे किती आहेत? तुटल्यावर किती बदलता? दिवाळीच्या सुमाराला गिरणीत काय काम झालं? दोन्ही पुल्यांचा व्यास किती?

उत्तर आलं : पट्टे तीन, शेजारी शेजारी. तुटेल तेवढा एकच बदलतो. दिवाळीआधी मोटार जळाली होती, ती रिवाइंडिंग करून पुन्हा बसवली. मोटारीची पुली १० सेंटिमीटर, गिरणीची ३०.

झालं! चोर सापडला. एक नव्हे, दोन चोर. मोटार काढून पुन्हा बसवताना ती थोडी आत-बाहेर बसली असणार, हा पहिला. दुसरा चोर मात्र भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. वापरून वापरून जुने दोन पट्टे थोडे लांबलेले असतात. त्यांच्या शेजारी एकच नवा पट्टा घातला की तो जास्त ताणलेला राहतो. मग तिघांचं ओझं तो एकटाच ओढतो. वर्गातल्या तिघांना बाक उचलायला सांगितलं आणि दोघांनी नुसतेच हात लावले, तर तिसऱ्याचं काय होईल? म्हणून पट्टे बदलायचे तर सगळे एकदम आणि एकाच मापाचे. खर्च जास्त वाटतो, पण दर पंधरा दिवसांनी एक पट्टा घेण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो.

पुल्या एका रेषेत आहेत का, हे तपासायला एक दोरा पुरतो. मेन स्विच बंद करायचा, कटआउट काढून खिशात ठेवायचे आणि मग दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या तोंडावरून दोरा ताणून धरायचा. तो प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांना, म्हणजे एकूण चार ठिकाणी टेकला पाहिजे. ढोकीत दोरा तीनच ठिकाणी टेकला! मोटारीची पुली करंगळीच्या जाडीएवढी आत गेली होती. वडिलांनी मोटारीचे बोल्ट ढिले करून तिला बाहेर सरकवलं, तिन्ही पट्टे नवे घातले. ताण बघण्याची युक्तीही मी लिहून पाठवली होती : दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबायचा. दोन्ही पुल्यांमध्ये एक मीटर अंतर असेल तर साधारण १६ मिलिमीटर दबला पाहिजे. फार दबला तर ढिला. अजिबात दबला नाही तर फार कडक, आणि मग पट्टा वाचतो पण बेअरिंग मरतं!

आणि एक. गिरणी सुरू करताना आधी रिकामी फिरू द्यायची, दाणे मागून सोडायचे. भरल्या पोटी पळायला लावलं तर तुम्हालाही दुखेलच ना?

बर्फावरची स्कूटर

आता पत्रातला दुसरा प्रश्न. बर्फावरच्या त्या गाडीला स्नोमोबाइल म्हणतात. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा. काश्मीरमध्ये गुलमर्गला पर्यटक तिच्यावर बसतात आणि सियाचीनमध्ये आपले जवानही अशा बर्फस्कूटर वापरतात.

या गाडीमागे एक दुःखाची गोष्ट आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा एक मेकॅनिक राहायचा. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. दवाखाना दूर, रस्ते बर्फाने बंद. पोराला नेता आलं नाही आणि ते गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या मागे तो आधीपासून होताच, पण आता त्याने ध्यासच घेतला. पुढच्या काही वर्षांत त्याने बर्फावरून माणसं नेणाऱ्या मोठ्या गाड्या बनवल्या आणि १९५९ मध्ये एक-दोन माणसांसाठीची हलकी 'स्की-डू' बाजारात आणली.

या गाडीत इंजिनाची ताकद पुढे जाते ती एका व्ही-पट्ट्यानेच. म्हणजे ढोकीच्या पट्ट्याचा हा चुलतभाऊ! पण पुल्या मात्र जादूच्या. प्रत्येक पुली दोन थाळ्यांची, आणि थाळ्या जवळ येतात किंवा लांब जातात. जवळ आल्या की पट्टा वर चढतो, म्हणजे पुली जणू मोठी होते. लांब गेल्या की पट्टा खाली उतरतो, पुली लहान होते. पुढची पुली लहान आणि मागची मोठी असेल तर वेग कमी पण जोर जास्त. पुढची मोठी, मागची लहान झाली की गाडी सुसाट. गिअर बदलायलाच नको!

थाळ्या हलवतं कोण? जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात तुम्ही बसला असाल. वेग वाढला की खुर्च्या बाहेर फेकल्या जातात ना? तसंच पुढच्या पुलीत लहान लहान वजनं बसवलेली असतात. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर झेपावतात आणि थाळीला ढकलतात. मागच्या पुलीत एक दणकट स्प्रिंग असते, ती उलटा जोर लावते. वजनं आणि स्प्रिंग यांची ही कुस्ती म्हणजेच या गाडीचा गिअरबॉक्स.

ही वस्तू बघायला काश्मीरला जायची गरज नाही. ती तुमच्या दारात उभी असेल! घरच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये डाव्या बाजूच्या लांबट झाकणाखाली हेच असतं. पुण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी १९८४ मध्ये एकत्र येऊन कायनेटिक होंडा आणली आणि असा पट्टा आपल्या रस्त्यांवर धावू लागला. हॉलंडमध्ये तर १९५८ साली डाफ ६०० नावाची मोटारच अशा पट्ट्यांवर चालणारी निघाली. गंमत अशी, की ती पुढे जेवढ्या वेगाने जायची तेवढ्याच वेगाने मागेही जाऊ शकायची. तिकडे त्या गाड्यांच्या उलट्या शर्यती लावत!

मात्र एक फरक आहे. स्कूटरला मागे वेगळा क्लच असतो. स्नोमोबाइलमध्ये पुढची पुलीच क्लचचं काम करते. गाडी उभी असताना थाळ्या लांब असतात आणि पट्टा मध्ये नुसता विसावलेला असतो. अॅक्सिलरेटर दाबला की थाळ्या येऊन त्याला पकडतात. आता समजा, रात्रभर उभी राहून गाडीच्या खालच्या पट्ट्या बर्फात गोठून चिकटल्या आहेत आणि चालकाने एकदम जोर दिला. काय होईल? गाडी हलणार नाही, म्हणून पट्टा हलणार नाही. पुली मात्र त्याला घासत राहणार. आणि पट्ट्याला एकाच जागी... बरोबर! जळका खड्डा. वरच्या यादीतला दुसरा नंबर. म्हणून शहाणा चालक आधी गाडी हलवून मोकळी करतो आणि सुरुवातीला हळू चालवतो. आणि एक जादा पट्टा नेहमी गाडीत ठेवतो.

डोंगरावर आणखी एक पेच येतो. उंचावर हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद घटते. दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ पाव ताकद गेली! पण पुलीतली वजनं तेवढीच जड. ती कमजोर झालेल्या इंजिनाला भारी पडतात, वेळेआधीच पट्टा वर चढवतात आणि इंजिन दमतं. सायकल वरच्या गिअरमध्ये ठेवून घाट चढल्यासारखं होतं. उपाय काय? डोंगरावर हलकी वजनं घालायची. म्हणजे इंजिनाला हवे तेवढे फेरे घेता येतात. खाली उतरल्यावर मात्र पुन्हा जड वजनं घालायला हवीत, नाहीतर इंजिन नको इतकं जोरात फिरेल. घरच्या स्कूटरमध्येही अशाच गोल वजनांना 'रोलर' म्हणतात. ते झिजून एका बाजूने चपटे झाले की नीट सरकत नाहीत आणि गाडी अडखळते. गॅरेजमध्ये पट्टा बदलत असतील तर काकांना म्हणा, "जुने रोलर जरा दाखवता का?" चपटी बाजू डोळ्यांना दिसेल.

आणि ते वाक्य

आता पत्रातल्या त्या वाक्याकडे येऊ. "चालू गिरणीतच त्याच्यावर राळेची पूड टाकतो."

पाटी-पेन्सिल घ्या. गिरणीची मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. पुलीचा व्यास १० सेंटिमीटर, म्हणजे परीघ ३१.४ सेंटिमीटर. गुणाकार करा : पट्टा सेकंदाला सुमारे साडेसात मीटर पळतो. ताशी २७ किलोमीटर. आता, काहीतरी बोटाला लागलं हे कळून हात मागे घ्यायला माणसाला निदान एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात पट्टा दीड मीटर पुढे गेलेला असतो. दीड मीटर! म्हणजे शर्टाची बाही, गळ्यातला मफलर, ताईची ओढणी, आईचा पदर यातलं काहीही अडकलं, तर "अरे!" म्हणायच्या आत ते सगळं आत गेलेलं असतं. सावध राहून उपयोग नाही. चपळ असून उपयोग नाही. गणितच तुमच्या विरुद्ध आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या डाव्या करंगळीला वरचं पेर नाही. नववीत होतो. मळणीयंत्राचा पट्टा सरकत होता आणि मी, फार शहाणा, काठीने त्याला जागेवर ढकलत होतो. काठी ओढली गेली आणि काठीमागे हात. दुखलं केव्हा ते आठवत नाही. आईने माझा हात स्वतःच्या पदरात गुंडाळला आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही, एवढं आठवतं. इतकी वर्षं झाली, पेटी वाजवायला बसलो की ते पेर आठवतं.

कारखान्यांत फिरत्या पट्ट्यांना कुंपण हवंच, असं १९४८ च्या कारखाना कायद्यात सांगितलं होतं. मळणीयंत्रांसारख्या धोक्याच्या यंत्रांसाठी १९८३ मध्ये वेगळा कायदा झाला. पण गावातल्या लहान गिरणीत जाळी बसवायची की नाही, हे बहुतेक वेळा मालकाच्याच हातात असतं. म्हणून पालकहो, हे चार शब्द तुमच्यासाठी. लोखंडी जाळीचं झाकण करायला पट्ट्यांच्या एका जोडापेक्षा फार खर्च येत नाही. पोरगं मदत करतंय म्हणून आपण कौतुकाने बघत राहतो. पण चालू पट्ट्याजवळची मदत नकोच. आणि राळ? ती फक्त घसरणं लपवते. व्ही-पट्ट्याला ती लावूच नये. पट्टा घसरतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. यंत्र थांबवा आणि ऐका.

परवा ढोकीहून पुन्हा पत्र आलं. नवे पट्टे घालून दोन महिने झाले, एकही तुटलेला नाही. खाली वाकड्या अक्षरात वडिलांच्या दोन ओळी : "जाळी बसवली आहे. पोराला आता फक्त हिशेबाला बसवतो." मी ते पत्र काचेखाली ठेवलंय.

आठवड्याची खटपट :

१. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते, तिची पुली १२ सेंटिमीटर व्यासाची. गिरणी ४८० फेऱ्यांनी फिरायला हवी. गिरणीची पुली किती व्यासाची घ्याल?

२. दोन रिकामी दोऱ्याची रिळं दोन खिळ्यांवर बसवा, त्यांच्यावर रबर बँड चढवा. एक फिरवलं की दुसरं त्याच दिशेने फिरतं. आता दुसरं रीळ उलट्या दिशेने फिरवायचं आहे, पण तिसरं रीळ वापरायचं नाही. काय कराल?

उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. आणि हो, पार्सल पाठवायचं असेल तर आत काय आहे ते बाहेर लिहा. आमचा शिपाई अजून घाबरतो!